वाढदिवस, पोळा आणि हिवताप

तुमच्यापैकी कितीजणी ब्रह्मपुरीला येऊन गेल्या आहात, मला ठाऊक नाही. नाव मात्र उन्हाळ्यात नक्की कानांवर पडलं असेल. मे महिन्यात राज्यातल्या तापमानाची यादी वाचली जाते, तेव्हा चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही दोन नावं वरच्या नंबरांसाठी जणू भांडत असतात. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की वाईहून आईचा फोन ठरलेला. "अगं, तिथं माणसं राहतात तरी कशी?" मी म्हणते, "आई, तुझी मुलगी राहते तशीच."

आईच्या मते मला परदेशी दिली आहे. माझी मावसबहीण मस्कतला असते, तिथल्या एका भारतीय शाळेत शिकवते. ती मुंबईहून विमानात बसली की तीन तासांच्या आत घरी. मी साताऱ्याहून संध्याकाळी महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसते, ती दुसऱ्या दिवशी दुपार कलताना नागपूरला उतरते. मग एसटीने उमरेड, भिवापूर, नागभीड करत आणखी तीन तास. नऊशे किलोमीटरच्या वर अंतर होतं. नागपूर-नागभीड अशी एक छोटी गाडी पूर्वी होती, अरुंद रुळांवरची. रूळ रुंद करायचे म्हणून ती २०१९ साली बंद झाली. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा मुद्दाम त्या गाडीने आले होते. एवढी हळू जाणारी गाडी मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. पण खिडकीतून धानाची बांधी, तलाव आणि पळसाची झाडं इतकी निवांत पाहायला मिळाली, की नव्या नवरीचं रडू तेवढ्यापुरतं थांबलं.

मस्कतची बहीण एकदा नेमकी वाढदिवसाच्या दिवशी तापाने फणफणली होती. फोनवर रडत होती, की केक फ्रिजमध्ये आणि मी पांघरुणात, कपाळावर हात ठेवायला आपलं माणूस नाही. तेव्हा मी तिला हसून म्हटलं होतं, "एवढ्या पगारात एक ताप परवडतो गं." बोलले खरी. बोललेलं फिरून येतं ते असं.

आमच्या ह्यांची नोकरी बँकेत. बदली होऊन इथं आले आणि मग राहिलेच. मी बी.ए. आहे. घर सांभाळून एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय ते शिक्षिकांना सांगायला नको. जेवढे तास घ्याल तेवढे पैसे, आजारी पडलात तर तुमचं तुम्ही बघा.

ब्रह्मपुरी हे तसं शाळांचं आणि दवाखान्यांचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांतली आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यातली मुलं इथं शिकायला येतात. नदीपल्याडचं वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे कित्येक वर्षं त्या अख्ख्या जिल्ह्याचं एकुलतं एक रेल्वे स्टेशन होतं. १९८२ सालापर्यंत तर गडचिरोली वेगळा जिल्हाच नव्हता, सगळा मिळून एकच भलामोठा चंद्रपूर. ह्या सगळ्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. नावाप्रमाणे झाडी आहेच आणि झाडीत वाघही आहेत, पण बाईमाणसाच्या डोळ्यांत भरतं ते पाणी. गावागावाला तलाव. त्यांना इथं मालगुजारी तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी पाळी घालून हे तलाव बांधले आणि त्या पाण्यावर धान पिकवलं. धान म्हणजे आपलं भात. 'भात पेरला' असं इथं म्हटलं, तर मुलं हसतात. भात ताटात असतो, बांधीत असतो तो धान! शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे ह्यांनी शेतात निवड करत करत जे वाण तयार केलं, ते एचएमटी नावाने देशभर गेलं. नाव ठेवलं ते मनगटी घड्याळाचं. २०१८ साली दादाजी गेले. तो तांदूळ कदाचित आज तुमच्याही डब्यात असेल.

पहिल्या वर्षी फजित्या खूप झाल्या. बाजारात भाजीवालीने विचारलं, "सांबार देऊ का बाई?" मी म्हटलं, "इडलीबरोबरचं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बटाटा म्हणजे आलू. बायका स्वतःबद्दल बोलताना "मी येतो, मी जातो" म्हणतात. 'ळ'चा 'र' होतो आणि 'ण'चा 'न'. वर्गात मुलं म्हणायची, "मॅडम, पानी येऊन राहिलं!" आणि मी खडू आपटून म्हणायची, "पाणी! पाऊस आला म्हणा." साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ह्या झाडीबोलीसाठी केवढं काम केलं आहे, ह्या बोलीत कविता, कथा लिहिल्या जातात, हे मला फार उशिरा समजलं. तोवर निदान दोन इयत्तांच्या मुलांचे 'ण' मी घासून पुसून काढले होते. असो.

आता मूळ गोष्ट. माझा वाढदिवस तीन सप्टेंबरचा. २०२४ साली त्या दिवशी तान्हा पोळा आला होता. आमच्या साताऱ्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तो आषाढातच होऊन जातो. इथला पोळा श्रावणी अमावास्येचा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा. लाकडी बैल सजवून मुलं घरोघर जातात. त्यांना पैसे, खाऊ द्यायचा, त्याला बोजारा म्हणतात. आमचे चिरंजीव सात वर्षांचे. घरमालकीण काकूंनी माळ्यावरून आपल्या मुलाचा जुना चाकांचा बैल काढून त्याला दिला होता आणि तो आठ दिवस त्याला रंगीत कागद चिकटवत बसला होता. हे नेमके मुंबईला आठवडाभराच्या प्रशिक्षणाला गेलेले.

शिवाय शाळेत पाच सप्टेंबरची तयारी चालू होती. नववीच्या मुलींकडून मी डॉक्टर आनंदीबाई जोश्यांवर एक छोटं नाटुकलं बसवत होते. त्यामुळे शनिवारी, एकतीस ऑगस्टला, संध्याकाळी अंग मोडून आलं तेव्हा वाटलं, ओरडून ओरडून दमणूक झाली. तासाभरात हुडहुडी भरली. दोन चादरी, वर घोंगडी, तरी दातावर दात वाजत होते. मग ताप, मग दरदरून घाम आणि पहाटे सगळं थंड. औषधाच्या दुकानातून तापाची गोळी आणून घेतली. रविवारी इतकं बरं वाटलं, की मी घर आवरलं, पोळ्यासाठी चणाडाळ भिजत घातली आणि आजार विसरून गेले. ही माझी चूक. ताप उतरला म्हणजे आजार गेला, असं आपण बायका फार लवकर ठरवतो, कारण तसं ठरवणं सोयीचं असतं.

सोमवारी पोळा. दुपारी बैल सजून निघाले. अंगावर झुली, शिंगांना बेगड. तोरणाखाली झडत्या म्हणणं चाललं होतं. चिरंजीवांना घेऊन मी काकूंबरोबर बघायला गेले आणि तिथंच, भर उन्हात, मला थंडी वाजायला लागली. काकूंनी माझा हात धरला नि घरी आणलं. दाराशी पळसाच्या फांद्या टेकवून ठेवल्या होत्या, त्या ओलांडताना माझा तोल गेला एवढं आठवतं. ह्या वेळची थंडी शनिवारच्या दुप्पट. काकू मला धरून बसल्या होत्या, तरी खाट हलत होती. त्यांनी विचारलं, मागचा ताप कधी आला होता? मी सांगितलं.

"एक दिवस आड हिव येते, ते साधं नोय बाई. उद्या रगत दाखवा."

आणि मला झर्रकन आठवलं. पंधरा ऑगस्टच्या सुमारास एका विद्यार्थिनीच्या गावी तलावाकाठी आम्ही मुक्कामाला गेलो होतो. रात्री अंगणात गप्पा, उघड्यावर झोप, चांदणं. मच्छरदाणी तिच्या आईने आणून दिली होती. मीच म्हटलं, "अहो कशाला, एका रात्रीने काय होतंय?" डास चावल्यापासून ताप यायला साधारण दोन आठवडे लागतात. हिशेब बरोबर जुळत होता.

त्या रात्रीचं काय सांगू! आईला फोन लावला. ती म्हणाली, "मी येते." गुडघ्यांनी जिना चढवत नाही तिला, नऊशे किलोमीटर कुठून येणार? ह्यांचा फोन आला, "निघू का?" मी म्हटलं, "नको, प्रशिक्षण पुरं करा." फोन ठेवला आणि मस्कतची बहीण आठवली. तिला लिहावंसं वाटलं, की चुकलं गं माझं.

तापात डोळ्यांसमोर दुसरं कोण येणार? महिनाभर जिच्या पाठीमागे होते ती आनंदीबाई. मुलींना मी तारखा घोकवून घेतल्या होत्या. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न. मूल झालं ते दहाच दिवसांचं होऊन गेलं आणि म्हणून डॉक्टर व्हायचं ठरवलं. १८८३ साली एकटी अमेरिकेला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. रमाबाई तेव्हा चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवत. लहानग्या मनोरमेला घेऊन परमुलखात राहणारी आणि शिकवणारी बाई. त्यांनाही डॉक्टर व्हायचं होतं, पण कान अधू झाले म्हणून ते राहिलं. पदवीनंतर वीस दिवसांनी आनंदीबाईंचा एकविसावा वाढदिवस. थंडीने, आबाळीने आणि क्षयाने तोवर शरीर पोखरलं होतं. वर्षअखेरीस त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर होता.

हे सगळं मी फळ्यावर लिहून दिलं होतं. पण त्या रात्री मला आठवत होत्या त्या रोसेल गावच्या मिसेस कार्पेंटर. नात्याच्या ना गोत्याच्या. कुठल्याशा मासिकात पत्र वाचून ह्या मुलीशी ओळख झाली, आणि त्यांनी तिला घरी ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पुढे त्यांच्या अस्थी ह्या मावशींनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. विचार करा, महिना महिना पत्र पोचत नाही अशा ठिकाणी कुणाला मावशी म्हणायचं म्हणजे तो शब्द किती जपून वापरला असेल!

मी तो शब्द रोज वापरते. भांडी घासायला येतात त्या आमच्या मावशी. सकाळी एक तास आमचं काम, मग दिवसभर कुणाच्या तरी बांधीत रोवणीला नाहीतर निंदणाला. पाच वर्षं येत होत्या. त्यांच्या चहाचा कप माझ्या घरी वेगळा होता, फडताळाच्या खालच्या कप्प्यात, दांडा तुटलेला. कुणी तसं ठरवलं नव्हतं. म्हणजे मीच ठरवलं असणार.

मंगळवारी पहाटे जाग आली ती आरोळ्यांनी. इकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत काढतात. नागपुरातल्या काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक तुम्ही वर्तमानपत्रात पाहिली असेल, ती तर एकोणिसाव्या शतकापासूनची. आमच्या गल्लीत मुलांनी दारांदारांतल्या पळसाच्या फांद्या गोळा केल्या आणि आरोळ्या ठोकत गावाबाहेर घेऊन गेले. रोगराई, खोकला, ढेकूण, डास, सगळं घेऊन जा म्हणून मारबतीला सांगायचं. माझ्या दारची फांदी उचलताना एक पोरगा ओरडला, "मॅडमचा ताप बी ने!" मी आत पडल्या पडल्या हसले. वर्गात पाठांतराला कधी आवाज न फुटणारं पोरगं ते.

एक दिवस आड असल्यामुळे वाढदिवसाला मला ताप नव्हता, पण पाय कापसाचे झाले होते. काकूंनी रिक्षा आणली नि सरकारी दवाखान्यात नेलं. बोटाला टोचून रक्ताचे दोन थेंब. काचेवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, किंवा हल्ली किटवर पंधरा-वीस मिनिटांत समजतं. हिवताप निघाला, व्हायवॅक्स जातीचा. ह्या मुलखात दोन जातींचा सापडतो. दुसरा फाल्सिपेरम, तो मेंदूवर जाऊ शकतो, त्यात एक दिवसाची हयगयसुद्धा जिवावर बेतते. म्हणून थंडी वाजून ताप आला की कुठला ते घरी बसून ओळखायला जाऊ नये, त्याच दिवशी रक्त तपासावं. मी तीन दिवस घालवले होते, नशिबाने बऱ्या जातीवर निभावलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कामाच्या गर्दीत होत्या, तरी त्यांनी दोन मिनिटं नीट समजावून सांगितलं. क्लोरोक्विन तीन दिवस, त्याने ताप जाईल. पण ह्या जातीचे जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा बाहेर पडतात, म्हणून प्रायमाक्विन नावाची गोळी चौदा दिवस घ्यायची, जेवणानंतर, एकही दिवस न चुकवता. दिवस गेलेले नाहीत ना, हे आधी विचारलं, कारण गरोदरपणी ही गोळी चालत नाही. काहींच्या रक्तात एक घटक जन्मतः कमी असतो, त्यांनाही ती बाधते. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच या, असं बजावलं. हे सगळं तुम्हांला सविस्तर सांगते आहे, कारण शिकलेल्या घरांतही तापाची गोळी आणि चार दिवस आराम ह्यापलीकडे आपली मजल जात नाही.

घरी आले तर ओट्यापाशी मावशी. काकूंनी त्यांना निरोप धाडला होता. त्यांनी त्या दिवसाची मजुरी बुडवली होती, हे मला नंतर कळलं. पेज केली होती, मीठ घातलेली, पातळ. पोळ्याची पुरणपोळी काकूंनी आणून ठेवली होती, पण वास नको झाला होता. पेज मात्र उतरली. मग मावशींनी चहा टाकला, मला दिला आणि स्वतःसाठी खाली वाकून फडताळातून तो दांडा तुटलेला कप काढला. मी पाहत होते. दुसरा घ्या म्हणायला तोंड उघडलं आणि शरमेने पुन्हा मिटलं.

संध्याकाळी चिरंजीव बैल ओढत घरोघर हिंडून आले. खिशात बोजाऱ्याची नाणी खुळखुळत होती. ती सगळी माझ्या उशाशी ओतली आणि म्हणाला, "आई, हा तुझ्या वाढदिवसाचा बोजारा." तेव्हा काकूंना समजलं, की आज वाढदिवस आहे. मग काय! निरांजन, सुपारी, हळदकुंकू. मला खाटेवरच बसवून औक्षण केलं. मावशी दारात उभ्या होत्या. काकूंनी त्यांनाही ओवाळायला बोलावलं. त्या आत यायला घुटमळल्या, माझ्याकडे पाहिलं, मग आल्या. हात ओले होते, ते पदराला पुसले. आईला मी फोनवर सांगितलं, "दोघींनी ओवाळलं." आई काही बोलली नाही बराच वेळ.

बुधवारी थंडी आली पण सौम्य. गुरुवारी मुलींनी नाटुकलं माझ्याशिवायच केलं. आनंदीबाई झालेली मुलगी नऊवारीतच घरी आली दाखवायला. "मॅडम, मी वाक्यं विसरून राहिली होती, मंग मनानंच बोलली." काय बोललीस म्हणून विचारलं. तर मिसेस कार्पेंटरच्या तोंडी तिने घातलं होतं, "घाबरू नको माय, मी हाव ना." मी 'आहे' करून दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी मावशी भांडी घासता घासता ओट्याला टेकल्या. हाताला हात लावला तर चटका. विचारल्यावर निघालं, की आषाढात रोवणीच्या वेळी त्यांनाही असाच ताप आला होता. तपासणी झाली होती, गोळ्याही मिळाल्या होत्या. तीन दिवस घेतल्या, ताप उतरला, उरलेल्या ठेवून दिल्या. पुढे नवऱ्याला कणकण आली तेव्हा त्या त्याला दिल्या.

"ताप गेला तं गोरी कसाले खाव, बाई?"

मी रागावणार होते. पण रविवारी ताप उतरल्यावर मी तरी दुसरं काय केलं होतं? आणि गोळीने मळमळतं, उपाशीपोटी तर फारच, आणि सकाळी सातला बांधीवर पोचायचं असतं त्या बाईने पोटभर जेवून गोळी कधी घ्यायची? हे दवाखान्यात कुणी विचारत नाही आणि मावशी आपण होऊन सांगत नाहीत. धानाच्या बांधीत गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकायचं, डासांच्या मुलखात राहायचं, आणि खाडा झाला की मजुरी गेली. माझे बुडाले ते तासिकेचे पैसे. त्यांचं बुडतं ते संध्याकाळचं जेवण.

आमच्या लहानपणी हिवताप म्हणजे आजोबांच्या गोष्टींतला आजार वाटे. १९५३ साली देशात हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली, घरोघर फवारणी झाली, साठीच्या दशकात रुग्ण लाखभरावर आले. सगळे निर्धास्त झाले आणि १९७६ साली आकडा चौसष्ट लाखांवर गेला. डासामुळे हिवताप पसरतो, हा शोध आपल्याच देशात लागला. सिकंदराबादेला, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस ह्यांना डासाच्या पोटात ते जंतू दिसले. इतकी वर्षं शत्रू माहीत आहे. तरीही महाराष्ट्रात हिवतापाचे आकडे निघाले, की मुंबई आणि गडचिरोली ही दोन नावं वर दिसतात. इलाज चौदा दिवसांच्या गोळ्या आणि एक मच्छरदाणी. तिथंच अडतं.

मावशींना घेऊन मी आणि काकू पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. तोच व्हायवॅक्स. ह्या वेळी मी एक केलं. त्यांच्या गोळ्या माझ्या घरी ठेवल्या, घरी नेल्या असत्या तर पुन्हा वाटल्या गेल्या असत्या. सकाळी आधी भात किंवा पोळी, मग गोळी, मग भांडी. कालनिर्णयाच्या पानावर दोन खुणा करू लागलो. माझी लाल पेन्सिलीने, त्यांची निळ्या. चिरंजीव रोज मोजायचे. शनिवारी गणपतीच्या दिवशी हे परत आले, त्यांनी भिंतीवरचं ते चित्रविचित्र पान पाहून विचारलं, "हा कसला हिशेब?" अकरा तारखेला काकूंकडे महालक्ष्म्या जेवल्या (आपल्याकडच्या गौरी, इथं महालक्ष्म्या म्हणतात), आंबील आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य झाला. त्या गडबडीत मावशींची गोळी चुकत होती, ती काकूंनी पंगतीतून उठून माझ्या घरी येऊन आठवण केली.

माझे दिवस सोळाला भरले. मावशींचे एकोणीसला. मधल्या दोन दिवसांत त्यांनी मजुरीला जाऊन यायचा हट्ट केला, मी म्हटलं, जा, पण गोळी घेऊन जा. गेल्या. शेवटची निळी खूण त्यांनी स्वतः केली. पेन्सिल कशी धरायची विचारून, जरा वाकडीच. तिथून मला म्हणाल्या, "बाई, तुमचा जलमदिस कागदावर हाय. माहा नाही." रोवणीच्या दिवसांत झालो एवढं आई सांगायची म्हणे. कुठलं साल, कुठली तिथी, काही नाही.

त्या आठवड्यात कधीतरी तो दांडा तुटलेला कप मी टाकून दिला. दुसऱ्या दिवशी मावशींनी वाकून कप्प्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओट्यावरच्या कपांतला एक उचलला. बोललो कुणीच नाही.

ह्यांनी बदलीचा अर्ज लिहून ठेवलेला आहे, दोन वर्षं झाली. दर एप्रिलमध्ये ऊन चढलं की मी म्हणते, आता द्याच. जून लागला, पहिला पाऊस पडला, तलाव भरले की तो विषय निघत नाही. तुम्ही विचाराल, मग नक्की काय? मलाही ठाऊक नाही. मुलाच्या शिक्षणाचं बघायला हवं, आई थकली आहे. मात्र एवढं खरं, की गेल्या वर्षी रोवणीच्या दिवसांत एका सकाळी चिरंजीवांनी मावशींना विचारलं, "तुमचा वाढदिवस आज धरू का?" मावशी म्हणाल्या, "धर ना बाबू." शिरा केला होता मी. काकूंनी दोन वाट्या खाल्ल्या आणि साखर जास्त झाली म्हणून सांगितलं.

तुम्हांला यायचं असेल तर उन्हाळ्यात येऊ नका, सुनेला पाठवलं तरी रागावेल. दिवाळीनंतर या. धान कापून झालेला असतो, हवा गार असते, शंकरपट भरतात आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं रंगतात. वडसा हे त्या नाटकमंडळ्यांचं माहेरघर. २०२३ साली ह्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे ह्यांना पद्मश्री मिळाली. मांडवात जमिनीवर बसायचं, पहाटेपर्यंत. अंगावर शाल घ्या, हातापायांना लावायला डासांचं मलम घ्या, आणि मुक्कामाच्या घरी कुणी मच्छरदाणी आणून दिली तर "एका रात्रीने काय होतंय" असं म्हणू नका.